घर जाण्याआधीची पहिली बातमी उधारीच्या वहीत असते



थंडी सुरू झाली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "ताई, दुकानाला वर्ष झालं, समाजासाठी काहीतरी करायचंय. रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटू का? पिशवीवर दुकानाचं नाव छापून घेतो." वाटा की. थंडीत ब्लँकेट लागतंच, त्याला नावं ठेवणारी मी कोण? पण मत विचाराल तर लहान दुकानदाराने आपले पैसे आणि डोकं तिथे घालू नये असं मला वाटतं. ब्लँकेट देणारे पुष्कळ आहेत. माणूस रस्त्यावर यायच्या तीन महिने आधी ज्याला ते दिसतं असा माणूस गल्लीत क्वचितच असतो, आणि तो बहुतेक वेळा काउंटरच्या आत बसलेला असतो.

कसं दिसतं ते सांगते. माझं किराणा दुकान भोसरीच्या बाजूला, कामगार वस्तीत आहे. आजूबाजूला दहा बाय दहाच्या खोल्या, एकेका मालकाच्या दहा-बारा. राहणारे बरेचसे मराठवाडा-विदर्भातले, बाकी उत्तरेकडचे. काम वर्कशॉपमध्ये, तेही ठेकेदाराकडून. अशा घराची तब्येत मला त्यांच्या नातेवाइकांच्या आधी कळते, कारण ती माझ्या वहीत लिहिलेली असते. पाच लिटर तेलाचा डबा नेणारं घर एक लिटरच्या पिशवीवर येतं, मग छोट्या पाउचवर. डाळ किलोवरून पाव किलो होते. पोरांचा बिस्किटचा पुडा बंद होतो. सात तारखेला वही क्लिअर करणारा पंधरा तारखेला अर्धे देतो, तेही दोनशे-दोनशे करत. मग एखाद्या दिवशी, "ताई, पाचशे रुपये रोख मिळतील का, दोन दिवसांत देतो." आणि शेवटचं लक्षण म्हणजे तो माणूस दुकानासमोरून जाणंच बंद करतो. मागच्या बोळाने जातो.

उधारीवरच्या व्हिडिओत हीच लक्षणं मी सांगितली होती, तेव्हा विषय वसुलीचा होता. आता जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचा. माणूस आधी खोलीचं भाडं देतो, कारण मालक दाराशी येऊन उभा राहतो. वाण्याला मात्र गोड बोलून थांबवता येतं. म्हणून आधी आपली वही हलते आणि नंतर भाडं थकतं. या दोन्हींच्या मध्ये जे चार-सहा आठवडे असतात, तेवढ्यातच काही करता येतं.

त्यानंतर काय होतं? भाडं थकलं की मालक डिपॉझिटमधून कापतो. डिपॉझिट संपलं की खोली खाली. आपल्याकडे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीला कागद कोण करतो! सगळं तोंडी. त्यामुळे बाहेर काढायलाही कागद लागत नाही. बायको-मुलं गावी जातात, पोरांची शाळा अर्ध्यात सुटते. नवरा आधी मित्राच्या खोलीत, मग शेडमध्ये, मग पुलाखाली. पुन्हा काम मिळालं तरी खोली मिळत नाही, कारण नवीन खोलीला नवीन डिपॉझिट हवं आणि तेच तर संपलेलं असतं. म्हणजे बघा, असलेली खोली टिकवायला महिना-दीड महिन्याचं भाडं पुरतं. गेलेली परत उभी करायला डिपॉझिट, भांडीकुंडी, गावाहून येण्याचं भाडं, शाळेची खटपट, सगळं लागतं. धंद्यात आपण याला काय म्हणतो? चालू मशिनला वेळेवर ऑइल देणं स्वस्त, जाम झालेली मशिन सोडवणं महाग.

हा नुसता माझा अंदाज नाही. अमेरिकेत शिकागो शहरात भाडं थकून घर जायची वेळ आलेल्यांसाठी फोनवरून मदत मागायची सोय आहे. निधीत पैसे असतील त्या दिवशी पात्र माणसाला एकदाच मदत मिळते. नसतील त्या दिवशी फोन करणारा तितकाच गरजू असून त्याला काही मिळत नाही. संशोधकांनी या दोघांची तुलना केली. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो अभ्यास आला. पैसे उपलब्ध असताना ज्यांनी फोन केला, ते पुढच्या सहा महिन्यांत बेघरांच्या निवाऱ्यात जाण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी कमी निघाली. शिकागो म्हणजे काही भोसरी नाही, मान्य. पण एकदाच, नेमकी आणि वेळेवर दिलेली मदत काय करू शकते, एवढं त्यातून घ्या.

आणि उदाहरण आपल्याच मातीतलं हवं असेल तर भायखळा आहे. १९८४ साली मुंबईत स्पार्क ही संस्था सुरू झाली आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर कामाला लागली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे कोर्टाने मानलं, पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार काही गेला नाही. टांगती तलवार तशीच. त्या बायकांमधून १९८६ मध्ये महिला मिलन उभं राहिलं. घरोघरी फिरून रोजची बचत गोळा करायची, जमेल तेवढी, अगदी सुटे पैसेही, आणि कुणावर वेळ आली की त्यातूनच कर्ज द्यायचं. सोबत जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन होती. या जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातला पैशाचा भाग दुय्यम वाटतो. संस्थेला कागद आणि सरकारी कार्यालयं कळत होती, फेडरेशनकडे माणसांचं बळ होतं आणि बचत गोळा करणाऱ्या बाईला प्रत्येक घर माहीत होतं. रोज दारात उभी राहणारी बाई आज किती आले हे बघतेच, पण आज का नाही आले हे तिला जास्त कळतं. ज्याला जे येत होतं ते त्याने केलं. भागीदारी म्हणतात ती हीच. आपल्याकडे संस्थेशी भागीदारी म्हणजे चेक देणे, हार घालणे, फोटो काढणे असा समज झालाय.

आमच्या गल्लीतलं एक सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. प्रेस मशिनवर काम करणारा एकजण, बोटांना मार लागला. हाताला मोठं बँडेज, काम बंद. ठेकेदाराने पहिल्या आठवड्यात हजार-दोन हजार हातावर टेकवले आणि मग फोन उचलणं बंद. घरात बायको आणि दोन मुलं. माझ्या वहीत तेल, डाळ, बिस्किट असं सगळं वर सांगितलं तसंच उतरत गेलं. मी तिला एवढंच म्हटलं, "वहीचं राहू दे. एक संस्था आहे, त्या ताईंना तुझा नंबर देऊ का?" ती दोन दिवस काही बोलली नाही. मग हो म्हणाली.

संस्थेच्या ताई घरी गेल्या. मी शंभर वर्षं काउंटरवर बसले असते तरी मला जे सुचलं नसतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पगारातून ईएसआयसी कापलं जातं का?" कापलं जात होतं. कार्ड डब्यात होतं, वापरायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं. कामावर दुखापत झाली तर डॉक्टर विश्रांती लिहून देतील तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या कामगाराला, योजना लागू असलेल्या ठिकाणी, हे संरक्षण आहे. फक्त अपघाताची नोंद, डॉक्टरांचा कागद, बँक खातं हे सगळं व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खोली गेली असती. आमच्या सहा दुकानदारांच्या निधीतून एका महिन्याचं भाडं थेट मालकाच्या खात्यात गेलं. दुसऱ्या महिन्याचं मालकाने चार हप्त्यांत घ्यायचं कबूल केलं. मी वही थांबवली. ते घर आजही तिथेच आहे, आणि बिस्किटचा पुडा परत सुरू झालाय.

आता विचार करा, मी एकटीने चार हजार रुपये त्या बाईच्या हातात ठेवले असते तर? महिना ढकलला गेला असता, ईएसआयसीचं कार्ड डब्यातच राहिलं असतं. आणि संस्था एकटी असती तर तिला हे घर कळलं असतं कधी? सामान रस्त्यावर आल्यावर.

म्हणून तुमच्या भागात असं काही उभं करायचं असेल तर पहिला नियम: कुणाला मदत द्यायची हे दुकानदाराने ठरवायचं नाही. आपण सुचवायचं, तेही त्या माणसाची परवानगी घेऊन. निर्णय संस्थेचा. कारण आपल्या मनात उधारी असते. जो आपले पैसे बुडवतो तो आपल्याला नालायक दिसतो आणि जो गोड बोलतो तो गरजू. शिवाय जात, गाव, भाषा, कोण आपल्यातला, हे सगळं काउंटरच्या आतही असतं, नाही म्हणू नका. घरी जाऊन, कागद बघून, चार घरांत विचारून ठरवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. ते त्यांना करू द्या.

दुसरं, पैसे रोख हातात नाही. घरमालकाच्या खात्यात, संस्थेच्या खात्यातून, पावतीसह. आणि त्या पैशातून आपली उधारी वसूल करायची नाही. हे बोलायला सोपं आहे, पण निधीत हजार रुपये घालणाऱ्या माणसाला "माझेही अडीच हजार अडकलेत" हे आठवतंच. आमच्या बैठकीत या एका मुद्द्यावर तासभर वाद झाला होता. शेवटी लिहूनच घेतलं.

घरमालकाला खलनायक करू नका. त्याच्याशी धंद्याच्या भाषेत बोला. खोली खाली झाली तर महिनाभर रिकामी राहणार, रंग काढावा लागणार, नवा भाडेकरू कसा निघेल माहीत नाही, त्याची पोलिसांकडे माहिती द्यायची ते वेगळंच. समोर ओळखीचं कुटुंब आहे, निम्मं भाडं आज खात्यात येतंय, उरलेलं हप्त्यांत, आणि मध्ये एक संस्था उभी आहे. बहुतेक मालक ऐकतात. काही नाही ऐकत. त्यांच्याशी भांडायला आपण जायचं नाही, तिथे संस्थेचा वकील किंवा कार्यकर्ता बोलेल.

पैसे सोडून इतर गोष्टीही लागतात, आणि त्या गल्लीतच असतात. झेरॉक्सवाला भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन करून देतो, फी कमी घेईल. मेडिकलवाल्याला दुखणं सगळ्यात आधी कळतं. मेसवाल्या काकूंना सकाळी दोन तास पोळ्या लाटायला बाई हवी असते. टेम्पोवाला एखाद्याचं सामान दुसऱ्या, स्वस्त खोलीत फुकट हलवून देईल. कधीकधी तेच खरं उत्तर असतं, आहे ती खोली झेपतच नसेल तर वेळेत लहान खोलीत जाणं.

"पण हे सरकारचं काम नाही का?" आहे ना. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायम निवारा हवा, असं सरकारी धोरणच आहे. आपल्या शहरात तो आहे का, चालू आहे का, हे नगरसेवकाला जरूर विचारा. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त माणसं बेघर मोजली गेली होती. ती संख्या सहा दुकानदारांनी कमी होणार नाही. पण निवारा हा घर गेल्यानंतरचा विषय आहे. एक लिटरची पिशवी पाउचवर आली हे कोणत्याही खात्याला कळत नाही. ते तुम्हाला कळतं.

"लोक सवयीचे होतील." हाही प्रश्न येतो. म्हणून तर एकदाच, ठरलेल्या मर्यादेत आणि पुढे कमाई सुरू होण्याचा रस्ता दिसत असेल तर. ज्याची कमाई सुरूच होणार नाही, म्हणजे एकटी म्हातारी किंवा मोठं आजारपण असलेलं घर, तिथे आपला निधी पुरा पडत नाही. तिथे संस्थेला सांगायचं आणि पेन्शनच्या योजना, इतर आधार त्यांनी बघायचा. मन मोठं असलं तरी निधी लहान आहे हे विसरू नका.

आता तुमच्यातले जे अजून पहिल्या वर्षात आहेत त्यांच्यासाठी स्पष्ट बोलते. ज्याच्या दुकानाला बारा महिने झाले नाहीत त्याने या निधीत पैसे घालू नयेत. तुमचा गाळाही भाड्याचा, कदाचित घरही भाड्याचं. दोन महिने मंदी आली तर तुम्हीच त्या यादीत याल. तुम्ही नजर द्या, ओळख द्या, दोन तासांचं काम द्या. पैसे नंतर. ज्यांचं बस्तान बसलंय त्यांनी दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, पाचशे का असेना, वीजबिलासारखी, एक तारखेला, घरखर्चाला उचलता त्यातून. जीएसटी भरायला बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. समजा सहा दुकानदारांनी हजार-हजार दिले तर वर्षाला ७२,००० होतात. खोलीचं भाडं साडेचार हजार धरलं तर सोळा महिन्यांचं भाडं झालं. म्हणजे वर्षाला दहा-बारा घरं, त्याहून जास्त नाही. आधीच सांगा, नाहीतर चार महिन्यांत निधी रिकामा आणि तोंड लपवायची वेळ तुमच्यावर.

कर वाचेल या आशेने करू नका. ८०जीची सवलत नव्या कररचनेत मिळत नाही. जुनी रचना घेतली असेल तरी दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती चालत नाही. दुकानातला माल फुकट दिलात आणि तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल तर त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. पीठ-तेल देण्यापेक्षा पैसे देणं हिशोबाला सरळ पडतं ते यामुळे. तुमच्या सीएला एकदा विचाराच. आणि कुणी सीएसआर म्हणत तुमच्याकडे आलं तर हसून चहा पाजा. तो कायदा पाचशे कोटींची नेट वर्थ किंवा हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना आहे.

संस्था कशी निवडायची? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, मागच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट मागा, खातं संस्थेच्या नावावर आहे ना बघा, कुणा अध्यक्षाच्या नावावर नको. पण माझा आवडता प्रश्न वेगळा आहे: "गेल्या महिन्यात तुम्ही कुणाला नाही म्हणालात, आणि का?" ज्या संस्थेकडे याचं उत्तर नाही ती एकतर कामच करत नाही किंवा बघून देत नाही. आणि हा प्रश्न विचारल्यावर जर समोरच्या ताई उलट तुम्हाला विचारू लागल्या, "तुम्ही गिऱ्हाइकाची माहिती गुप्त ठेवाल का?", तर तिथेच हात मिळवा.

गुप्ततेचं मी फार मानते. ज्या बाईचं भाडं तुम्ही भरलं तिची पोरं तुमच्याच पोरांच्या शाळेत आहेत. तिचा फोटो, तिचं नाव, "आमच्या दुकानाने एका गरीब कुटुंबाला…" अशी पोस्ट, काहीही नको. ती बाई दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या दुकानात जाईल, आणि पुढची बाई अडचणीत असताना तुमच्याकडे तोंड उघडणार नाही. इथे मार्केटिंग आणि मदत एकमेकांच्या आड येतात, आणि माझ्या मते मार्केटिंगने बाजूला व्हावं. फार तर काउंटरवर संस्थेचं कार्ड ठेवा, "भाड्याची अडचण असेल तर इथे फोन करा" एवढंच लिहिलेलं. कुणी उचललं हे बघायचंही नाही.

आमच्या सहा जणांचा संस्थेबरोबरचा करार एका पानाचा आहे. रक्कम, तारीख, मुदत बारा महिने, बाहेर पडायचं तर दोन महिने आधी सांगणे, उधारीवसुली नाही, नावं बाहेर जाणार नाहीत. त्यातला मुद्दा न् मुद्दा मी गुरुवारच्या व्हिडिओत वाचून दाखवणार आहे. बघायला बसण्याआधी एक काम करा: वहीची गेल्या तीन महिन्यांची पानं काढा, नावं कागदाने झाका, आणि कोणत्या पानावर खरेदी हळूहळू लहान होत गेलीय ते शोधून ठेवा.